टिळकांना तुरुंगात पाठवणारी हेडलाइन कोणती? तुम्हाला वाटतेय ती नाही!

चिंचवडगावात चापेकर चौकात सिग्नलला अडकलात की समोर चापेकर बंधूंचं शिल्प दिसतं. तिथून गाडी पुण्याकडे घेतली, विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालत पुढे आलात की गणेशखिंड रस्ता लागतो. हिंजवडी, पिंपरी, चाकणहून पुण्यात ये-जा करणारे हजारो लोक रोज हा प्रवास करतात. आजची गोष्ट याच रस्त्यावरची आहे आणि तिचे हिरो, म्हटलं तर, हेडलाइन लिहिणारे एक संपादक आहेत. त्यांचं नाव बाळ गंगाधर टिळक.

दर २३ जुलैला आणि १ ऑगस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा मथळा दिला आणि इंग्रजांनी त्यांना थेट तुरुंगात टाकलं. मास कॉमच्या पहिल्या वर्षी मीही परीक्षेत हेच लिहिलं होतं. मार्कही मिळाले.

पण हे उत्तर चूक आहे. टिळक तुरुंगात गेले हे खरं, पण या मथळ्यामुळे नाही. मग कशामुळे? ते समजून घ्यायचं तर टिळकांचं आयुष्य एकेका मथळ्याच्या मागे चालत बघावं लागेल.

पहिला झटका : पत्रं खोटी निघाली

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून गणित घेऊन बीए, मग एलएलबी. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकरांच्या नादाने ते आधी शाळेत आणि मग वर्तमानपत्रात शिरले. जानेवारी १८८१ मध्ये दोन साप्ताहिकं निघाली. इंग्रजी ‘मराठा’चे संपादक टिळक, मराठी ‘केसरी’चे आगरकर. दोघंही २४ वर्षांचे. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टअप, फंडिंग शून्य.

वर्षभरात पहिलं मोठं प्रकरण हाती लागलं. कोल्हापूरचे तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय आणि त्यामागे कारभारी महादेव बर्वे आहेत, असा आरोप केसरी आणि मराठ्यात छापला गेला. पुरावा म्हणून काही पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात कळलं की पत्रं बनावट आहेत. संपादकांनी माफी मागितली, पण बर्वे मागे हटले नाहीत.

खटला उभा राहिला तेव्हा जामिनाला दहा हजार रुपये हवे होते. शिक्षण आणि समाजसुधारणेवरून टिळक-आगरकरांच्या गटाचं आणि महात्मा जोतीराव फुल्यांचं फारसं जमत नव्हतं. तरीही फुल्यांनीच शब्द टाकला आणि त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी जामीन भरला. फॉरवर्डमध्ये हा भाग सहसा नसतो.

१७ जुलै १८८२ ला दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे टिळकांचा २६ वा वाढदिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात. एकाच कोठडीत दोन पदवीधर पुणेकर, हातात रिकामा वेळच वेळ. दोघं रात्री इतक्या मोठ्याने वाद घालायचे की पहारेकऱ्याला येऊन गप्प करावं लागायचं. १०१ दिवसांनी सुटले तेव्हा स्वागताला गर्दी होती.

फॅक्ट चेक न करता छापल्याची ही शिक्षा. पण गोष्ट इथे संपत नाही. पत्रं खोटी असली तरी महाराजांची काळजी खरी होती. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला.

दुसरा झटका : चहा प्यायला कोण कोण होतं?

तुरुंगात रात्री चाललेले वाद बाहेर आल्यावर मिटले नाहीत, उलट वाढले. आगरकरांना आधी समाजसुधारणा हवी होती, टिळकांना आधी स्वराज्य. १८८७ मध्ये केसरी टिळकांच्या हातात आला. आगरकर बाहेर पडले आणि त्यांनी ‘सुधारक’ काढला. एका कोठडीत राहिलेले दोन मित्र आता दोन वर्तमानपत्रांतून भांडू लागले.

१८९० मध्ये टिळक स्वतः बातमीचा विषय झाले. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी गेली होती. त्यात टिळक होते, न्यायमूर्ती रानडेही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी कप नुसता बाजूला ठेवला. या सगळ्यामागे आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी होते. त्यांनी हजर असलेल्यांची यादीच ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली.

ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! सनातनी मंडळी खवळली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तांच्या याद्या झाल्या. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोय असं सांगून सुटका करून घेतली. एक कप चहाची बातमी दोन वर्षं पुरली. स्क्रीनशॉट काढून कोणाला उघडं पाडायची पद्धत आपल्या पिढीने शोधली असं वाटत असेल, तर गोपाळरावांना आधी नमस्कार करा.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख नुसती आरती होईल. १८९१ मध्ये मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षं करणारा कायदा आला, तेव्हा टिळकांनी केसरीतून त्याला कडाडून विरोध केला. हा निर्णय परक्या सरकारने करू नये, असं त्यांचं म्हणणं. पण कायद्याचं संरक्षण लागणार होतं ते लहान मुलींना. या बाबतीत काळाने आगरकरांच्या बाजूने निकाल दिला. मथळ्याची किंमत नेहमी लिहिणाराच मोजतो असं नाही.

तिसरा झटका : चिंचवडचे भाऊ आणि गणेशखिंडीतली रात्र

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले. टिळक थांबले, हिंदू रुग्णांसाठी दवाखाना उभारायला पुढे झाले आणि केसरीतून लोकांना प्लेगच्या उपाययोजनांना साथ द्यायला सांगत राहिले. पण प्लेग कमिशनर रँड यांनी घरं तपासायला गोरे सोल्जर पाठवले. सोल्जर देवघरात, स्वयंपाकघरात घुसू लागले, सामान बाहेर फेकू लागले, बायकांनाही तपासायला लागले. केसरीचा सूर बदलला.

जूनमध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. अफजलखानाचा वध योग्य की अयोग्य यावर भाषणं झाली, त्यात टिळकांचंही होतं. १५ जूनच्या केसरीत या उत्सवाची हकिगत आली. सोबत टोपणनावाने लिहिलेली एक कविता होती, जिच्यात शिवाजी महाराज परत येऊन देशाची दशा बघतात अशी कल्पना होती.

बरोबर आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसवर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी होती. ही इमारत म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. मेजवानीहून परतताना रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. गोळ्या झाडणारे होते चिंचवडचे दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर, कीर्तनकार हरिभाऊंची मुलं. पण हे कळायला अजून काही महिने जायचे होते.

तोवर सरकारने राग शहरावर काढला. पुण्यात जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांकडूनच वसूल करायचं ठरवलं. त्यावर जुलै १८९७ मध्ये केसरीत तो प्रसिद्ध मथळा आला, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’.

सरकार भडकलं यात शंका नाही. मुंबईतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनीही केसरीतलं लिखाण आणि रँडचा खून यांचा संबंध जोडायला सुरुवात केली होती. २७ जुलैला मुंबईत टिळकांना अटक झाली. वकील मित्र जामिनासाठी रात्री धावपळ करून परत आला तेव्हा टिळक कोठडीत घोरत पडले होते, असा किस्सा सांगतात.

आता आपला मुद्दा. आरोप ठेवला गेला तो १५ जूनच्या अंकावर, म्हणजे उत्सवाच्या हकिगतीवर आणि त्या कवितेवर. डोक्याचा पत्ता विचारणाऱ्या मथळ्यावर नाही. कारणही साधं आहे. सरकारला दाखवायचं होतं की लेख आधी आला आणि गोळी नंतर सुटली. जुलैचा मथळा कितीही झोंबला तरी तो जूनच्या खुनाला कारण कसा ठरणार? तारीखच आडवी येत होती.

सरकारवर प्रेम करा, नाहीतर...

खटला चालला कलम १२४-अ खाली, म्हणजे राजद्रोह. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला कायद्यातल्या ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ समजावला. तो अर्थ असा, की सरकारबद्दल प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती. म्हणजे शिव्या देणं दूरच राहिलं, नुसतं प्रेम नसलं तरी पंचाईत. ब्रेकअप हा गुन्हा ठरवणारा हा बहुधा जगातला पहिला निकाल असावा.

ज्युरीत सहा युरोपियन, तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली, छापखान्याचे मुद्रक सुटले. कविता टिळकांची नव्हती, पण केसरीत आली म्हणजे जबाबदारी त्यांची. ती त्यांनी दुसऱ्यावर ढकलली नाही.

खून आणि टिळक यांचा संबंध कोर्टात कधी सिद्ध झाला नाही. त्यांच्यावर तसा आरोपही ठेवला गेला नाही. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली. फाशीला जाताना हातात टिळकांनी दिलेली गीता होती, असं चिंचवडमध्ये आजही सांगतात. पुढच्या वर्षी मे महिन्यात पाच दिवसांत वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर फासावर गेले. चिंचवडच्या एका घरातले तीन भाऊ गेले. चौकातलं ते शिल्प त्यांचं.

मॅक्स म्युलर यांच्यासारख्या विद्वानांनी रदबदली केली आणि टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले. जुलै १८९९ मध्ये त्यांनी पुन्हा लेखणी हातात घेतली तेव्हा लेखाला नाव दिलं, ‘पुनश्च हरिः ॐ’. २०२० च्या लॉकडाउननंतर राज्य सरकारने दुकानं, कारखाने उघडायला सुरुवात केली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी हेच शब्द वापरले होते, आठवतंय? चाकणच्या बंद पडलेल्या लाइन पुन्हा सुरू झाल्या त्या टिळकांच्या १२१ वर्षं जुन्या मथळ्याखाली.

चौथा झटका : ज्यांना मथळा वाचता येत नाही असे पंच

१९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. केसरीत १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख आले. मथळे बघा, किती सौम्य. आज असे मथळे दिले तर संपादक विचारेल, यावर क्लिक कोण करणार? बॉम्बने देशाचं भलं होत नाही, पण दडपशाही चालू राहिली तर बॉम्बही थांबणार नाहीत, असा एकूण सूर. २४ जूनला टिळकांना अटक झाली.

जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. समोर न्यायमूर्ती दिनशा दावर. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांचे वकील होते आणि त्यांनीच टिळकांना जामीन मिळवून दिला होता! अकरा वर्षांत बाजू बदलली होती. त्यांनी जामीन नाकारला.

खटल्यातली खरी गंमत पुढे आहे. लेख मराठी आणि ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. कोर्टात जे काही वाचलं गेलं ते सरकारी भाषांतर. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि २१ तासांहून जास्त बोलले. त्यातला बराच वेळ कोणत्या मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द चुकीचा लावलाय हे सांगण्यात गेला. मूळ लेख न वाचता मत बनवण्याची सवय काही फेसबुकने आणली नाही.

२२ जुलै १९०८ ला रात्री उशिरा निकाल लागला, सात विरुद्ध दोन. सहा वर्षं हद्दपारी आणि एक हजार रुपये दंड. दोन तासांत तारीख बदलणार होती आणि टिळकांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. वाढदिवसाची भेट सरकारने या वेळी आदल्या रात्रीच दिली.

दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, वर्षाला एक दिवस. रस्त्यावर गोळीबार झाला, त्यात कामगार मेले. त्यांच्यातल्या कितीजणांना केसरी स्वतः वाचता येत असेल? चाळीत एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. एका संपादकाला शिक्षा झाली म्हणून पिंपरी, भोसरी, चाकणमधले कारखाने सहा दिवस बंद, असं चित्र डोळ्यासमोर आणून बघा. येत नाही ना? म्हणूनच त्या संपाची दखल परदेशात बसलेल्या लेनिननेही घेतली.

टिळकांना मंडालेला पाठवलं. तिथे त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. ते तुरुंगात असतानाच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या. ही किंमत कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

पाचवा झटका : या वेळी फिर्यादी टिळक

१९१४ मध्ये टिळक परतले. १९१६ ला साठी झाली. २३ जुलैला लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली आणि त्याच दिवशी सरकारने नोटीस दिली. भाषणांबद्दल जामीनकी मागणारी. तोवर टिळकांनाही या भेटीची सवय झाली असणार. या वेळी मात्र जिनांनी बाजू जिंकली. नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला.

शेवटी पारडं फिरलं. ‘टाइम्स’चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी टिळकांना भारतातल्या असंतोषाचा जनक ठरवणारं पुस्तक लिहिलं होतं. आयुष्यभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेले टिळक आता फिर्यादी झाले, थेट लंडनला जाऊन. फेब्रुवारी १९१९ मध्ये ते हरले. खर्च लाखांच्या घरात गेला, तो लोकांनी वर्गणी काढून भरला. आणि ज्या शब्दांना बदनामी म्हणून त्यांनी कोर्टात नेलं, तीच आज त्यांची पदवी आहे. शाळेतल्या निबंधाचं पहिलं वाक्य त्याच पदवीने सुरू होतं.

१ ऑगस्ट १९२० ला मुंबईत, सरदारगृहात टिळक गेले.

मग मथळ्याची किंमत कोणी मोजली?

त्यांच्या खटल्यांचे परिणाम त्यांच्यानंतरही चालू राहिले. १८९७ च्या निकालानंतर १८९८ मध्ये सरकारने कलम १२४-अ आणखी कडक केलं. १९२२ मध्ये याच कलमाखाली गांधीजींना शिक्षा देताना न्यायाधीशांनी टिळकांचा दाखला घेतला आणि तेवढीच, सहा वर्षं दिली. स्वातंत्र्यानंतरही कलम टिकलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि राजद्रोह हा शब्द गेला. पण देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी त्यात कलम १५२ आहे, आणि ते कुठपर्यंत ताणता येईल यावर वाद चालूच आहे.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. टिळकांना तुरुंगात पाठवलं ते एका खोट्या पत्राने, दुसऱ्याने लिहिलेल्या एका कवितेने आणि दोन साध्यासुध्या मथळ्यांच्या अग्रलेखांनी. सगळ्यात झणझणीत मथळा मात्र आरोपाविना सुटला.

केसरीच्या अग्रलेखाखाली लेखकाचं नाव नसायचं. पण जबाबदार कोण, हे सरकारला आणि वाचकाला दोघांनाही माहीत असायचं. आपल्याकडे उलटं आहे. मी एकदा घाईत चुकीचं हेडिंग लावलं होतं. वीस मिनिटांत बदललं, कोणाला कळलंही नाही. छापलेला अंक असा बदलता येत नसे, बैलगाडीने आणि रेल्वेने तो गावोगाव गेलेला असायचा.

पुढच्या २३ जुलैला तो मेसेज तुमच्या ग्रुपवर येईल तेव्हा खाली एवढं लिहा, की त्या मथळ्यावर खटला झाला नव्हता. कोणीतरी पुरावा मागेल. मागू दे. डोंगरीचे १०१ दिवस त्यासाठीच गेले होते.